मॉरिशस आणि रेयुनियन : सवलतीचे दोन विनियोग

हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेस, परस्परांपासून सुमारे २०० किलोमीटर अंतरावर, मॉरिशस आणि रेयुनियन ही दोन बेटे आहेत. दोन्ही ज्वालामुखीच्या उद्रेकातून निर्माण झालेली, दोन्ही मूळची निर्मनुष्य. अठराव्या शतकात दोहोंवर फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल होता, दोहोंच्या मळ्यांत आधी आफ्रिका व मादागास्करहून धरून आणलेले गुलाम राबले आणि मागाहून हिंदुस्थानातून नेलेले गिरमिटिये राबले, आणि दोहोंचे दैव एकाच पिकाशी, उसाशी, बांधले गेले. इतके साम्य असूनही ही भावंडे आज सर्वस्वी निराळे संसार करीत आहेत. मॉरिशस १९६८ पासून स्वतंत्र राष्ट्र आहे. रेयुनियन १९४६ पासून फ्रान्सचा एक जिल्हा, आणि त्या नात्याने युरोपीय संघाचाही भाग आहे. मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, तर आकाराने मोठ्या असलेल्या रेयुनियनची नऊ लाखांच्या घरात.

केवळ दरडोई उत्पन्नाचा आकडा पाहिला तर रेयुनियन मॉरिशसच्या दुपटीहून पुढे आहे. तेथील मनुष्य सरासरीने ८१ वर्षांहून अधिक जगतो, मॉरिशसचा ७४ च्या आसपास. एवढ्यावर निकाल देऊन दप्तर बांधून ठेवणे सोपे आहे. परंतु राहणीमान म्हणजे हाती पडणारा पैसा एवढाच अर्थ न घेता, तो पैसा कोठून येतो, किती दिवस येईल आणि त्यातून माणसाच्या अंगी कोणते सामर्थ्य उरते, हेही प्रश्न विचारले, तर निकाल बराच गुंतागुंतीचा होतो.

बंदराचा निवाडा

या दुभंगाचे मूळ एका बंदरात आहे. पोर्ट लुई हे मॉरिशसचे बंदर निसर्गानेच सुरक्षित केलेले. १७३५ साली गव्हर्नर म्हणून आलेल्या माहे द ला बुर्दोने याने तेथे गोदी, कोठारे, रुग्णालय व तटबंदी उभारली, आणि १७४६ साली मद्रास जिंकून घेणारे त्याचे आरमार याच बाजूने हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर आले. रेयुनियनचा, म्हणजे तेव्हाच्या बूर्बाँ बेटाचा, किनारा उघडा आणि कडेकपारींचा. तेथे जहाजांना खरा आसरा मिळण्यास १८८६ साली कृत्रिम बंदर बांधून पुरे व्हावे लागले. त्यामुळे १८१० साली इंग्रजांनी दोन्ही बेटे काबीज केली, तरी १८१४ च्या पॅरिसच्या तहात त्यांनी बंदराचे बेट स्वतःकडे ठेवले आणि बूर्बाँ फ्रान्सला परत केले. मॉरिशसच्या शरणागतीच्या करारनाम्यात रहिवाशांची मालमत्ता, कायदे व चालीरीती अबाधित राखण्याचे वचन असल्याने राज्य इंग्रजांचे, मळे फ्रेंच घराण्यांचे, आणि गुलामगिरी १८३५ साली रद्द झाल्यावर मजूर हिंदुस्थानचे, अशी तिहेरी व्यवस्था तेथे रूढ झाली.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' नावाचे जहाज गिरमिटियांची टोळी घेऊन पोर्ट लुईस पोहोचले. त्यानंतरच्या आठ-नऊ दशकांत सुमारे साडेचार लाख माणसे या मार्गाने उतरली. त्यांत कलकत्ता व मद्रास येथून गेलेल्यांचा भरणा मोठा; पण रत्नागिरीकडची कोकणी माणसेही मुंबई बंदरातून गेली, आणि त्यांच्या वंशजांमुळे आज तेथील प्राथमिक शाळांत मराठी शिकवली जाते व गणेश चतुर्थीनिमित्त सार्वजनिक सुटी असते. रेयुनियनमध्ये गुलामगिरी १८४८ पर्यंत टिकली. तेथे हिंदी मजूर मोठ्या प्रमाणावर नेण्याची परवानगी इंग्रज सरकारने १८६० नंतर दिली, आणि वाईट वागणुकीच्या तक्रारी वाढल्यावर १८८२ साली काढून घेतली.

पुढील इतिहासावर परिणाम करणारा भेद जमिनीच्या बाबतीत पडला. साखरेचे भाव कोसळले तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मॉरिशसमधील मळेवाल्यांनी कडेच्या जमिनींचे तुकडे पाडून विकले, आणि गिरमिटाची मुदत संपलेल्या हिंदी मजुरांनी पैपैसा साठवून ते घेतले. मजुराचा नातू अशा रीतीने जमीनधारक, मतदार आणि पुढे मंत्री झाला. रेयुनियनमध्ये मोठी जमीन मूठभर घराण्यांच्या व कंपन्यांच्या हाती राहिली आणि कष्टकरी कुळे बटाईने ती कसत राहिली. स्वतःच्या नावावर सातबारा असणे आणि दुसऱ्याच्या बांधावर राबणे यांतील अंतर कोकणातल्या वाचकास निराळे सांगावयास नको.

दोन निर्णय

१९ मार्च १९४६ रोजी फ्रान्सच्या संसदेने रेयुनियनसह चार जुन्या वसाहतींना जिल्ह्याचा दर्जा दिला. या विधेयकाचे प्रतिवृत्त मार्तिनिकचा कवी एमे सेझेर याने मांडले, आणि रेयुनियनचे डाव्या विचारांचे प्रतिनिधी रेमों व्हेर्जेस व लेओं द लेपेर्व्हांश त्याच्या पाठीशी होते. मळेवाल्यांच्या जुलमातून सुटण्याचा मार्ग फ्रान्सच्या कायद्यापुढील समता हाच आहे, अशी त्यांची मनोमन श्रद्धा होती; त्यामुळे या विलीनीकरणाला गुलामीची हौस म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. समता मात्र कासवगतीने आली. किमान वेतन मुख्य भूमीच्या बरोबरीस येण्यास १९९६ साल उजाडले, म्हणजे अर्धे शतक लोटले.

मॉरिशसचे स्वातंत्र्य त्याहून अधिक भयग्रस्त वातावरणात जन्मले. मलेरियाचे निर्मूलन झाल्याने लोकसंख्या झपाट्याने वाढत होती. १९६० साली 'कॅरोल' नावाच्या चक्रीवादळाने हजारो घरे जमीनदोस्त केली. आणि अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड, ज्यांना पुढे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांनी या वाढत्या लोकसंख्येस काम पुरणार कसे याचे अत्यंत चिंताजनक चित्र १९६१ च्या अहवालात रेखाटले. १९६७ च्या निवडणुकीत दर शंभर मतदारांपैकी चाळिसांहून अधिकांनी स्वातंत्र्याच्या विरोधात कौल दिला, आणि १२ मार्च १९६८ रोजी शिवसागर रामगुलाम यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली, त्याआधी काही आठवडेच राजधानीत जातीय दंगल उसळली होती. यास्तव पुढे जे घडले ते त्या काळच्या सर्व अंदाजांविरुद्ध घडले, असेच म्हणावे लागते.

मॉरिशसची जमाबाजू

१९७० साली मॉरिशसने निर्यात-प्रक्रिया क्षेत्राचा कायदा केला. या कल्पनेचा पाठपुरावा करणाऱ्यांत एदुआर लिम फात हे चिनी वंशाचे प्राध्यापक अग्रभागी होते. कच्चा माल विनाजकात आणावा, कपडे शिवावेत, आणि युरोपच्या बाजारात पाठवावेत, अशी ही योजना. पाठोपाठ १९७५ च्या लोमे करारान्वये युरोपने दरसाल पाच लाख टनांहून अधिक साखर खुल्या बाजाराहून बहुधा पुष्कळच चढ्या, हमीच्या भावाने घेण्याचे मान्य केले. ही एक प्रकारची देणगीच होती, आणि ती लपवून मॉरिशसला स्वावलंबनाचा पुतळा ठरवणे इतिहासास धरून होणार नाही. परंतु साखरेचा नफा बेटावरच राहणाऱ्या मळेवाल्या घराण्यांकडे गेला, आणि त्यांनी तो कापडगिरण्यांत व हॉटेलांत गुंतवला. हाँगकाँगचे भांडवलही त्यास येऊन मिळाले. ऐंशीच्या दशकारंभी बेकारी २० टक्क्यांच्या आसपास होती. दशक संपताना ती नाममात्र उरली, आणि या क्षेत्रातील कामगारांची संख्या सुमारे ९० हजारांवर पोहोचली. त्यांत स्त्रियांचा वाटा फार मोठा होता. उसाच्या रानात राबलेल्या आजीची नात शिलाई यंत्रापुढे बसून प्रथमच स्वतःच्या नावाचा पगार घेऊ लागली. तो पगार तुटपुंजा होता, आणि निर्यातीची ती भरभराट या स्त्रियांच्या पाठीवर उभी होती, हेही येथे नमूद केले पाहिजे.

सरकारने त्याच काळात माध्यमिक शिक्षण विनामूल्य केले, सर्व वृद्धांना पेन्शन देण्याची इंग्रजी अमदानीतील व्यवस्था चालू ठेवली आणि खड्या सैन्यावर खर्च केला नाही. या संथ उत्कर्षाची खूण मॉरिशसच्या कोणत्याही खेड्यात दिसते. वादळांच्या धास्तीने पत्र्याची घरे जाऊन सिमेंटची आली. आणि त्यांच्या सपाट स्लॅबवरून लोखंडी सळ्या आकाशाकडे डोकावताना आढळतात. मुलगा मोठा होईल, त्याचे लग्न होईल, तेव्हा वरचा मजला चढवायचा, म्हणून त्या सळ्या कापलेल्या नसतात. बचत होईल तसे घर वाढवावयाचे, असा हा हिशेब आहे.

रेयुनियनची जमाबाजू

१ जानेवारी २००२ रोजी युरो चलनात आला, तेव्हा पूर्वेकडील घड्याळामुळे रेयुनियनमध्ये तो सर्वांआधी वापरला गेला. सां-देनी शहराच्या महापौरांनी मध्यरात्रीनंतर तेथील बाजारात एक किलो लिची विकत घेतली आणि साऱ्या किलोचा दाम एका युरोच्याही आत भागला. फळ बेटावर पिकलेले, चलन हजारो मैलांवरच्या श्रीमंत खंडाचे. या सौद्यात रेयुनियनची सारी अर्थव्यवस्था सामावलेली आहे. आयातीच्या मानाने निर्यात दहावा हिस्साही भरत नाही. मधली दरी फ्रान्सच्या तिजोरीतून येणारे पगार, भत्ते, पेन्शने व अनुदाने भरून काढतात. सरकारी नोकरास मुख्य भूमीवरील वेतनाहून ५३ टक्के अधिक मिळतात. याउलट दर शंभर रहिवाशांपैकी सुमारे छत्तीस जण फ्रान्सच्या दारिद्र्यरेषेखाली आहेत, बेकारी अनेक वर्षे ३० टक्क्यांच्या घरात होती व आजही १५ टक्क्यांहून अधिक आहे, आणि २०२२ च्या सरकारी पाहणीनुसार अन्नधान्य मुख्य भूमीपेक्षा ३७ टक्के महाग आहे. नगरपालिकांचा कारभार बऱ्याच अंशी समुद्रमार्गे येणाऱ्या मालावरील जकातीवर चालतो, आणि ती जकात अखेर गिऱ्हाइकाच्याच खिशातून जाते.

कापडगिरण्या येथे का उभ्या राहिल्या नाहीत, याचे उत्तर आळसात शोधणे अन्यायाचे आहे. २०२४ साली येथील किमान मासिक वेतन सुमारे १,७६६ युरो होते. मॉरिशसचे साडेसोळा हजार रुपये, म्हणजे साधारण ३३० युरो. पाचपट मजुरी देऊन सदरा शिवणारा कारखानदार शेजारच्या बेटापुढे टिकणे शक्यच नव्हते. कामाची वाण पडली तेव्हा फ्रान्सने माणसेच उचलून नेण्याचा उपाय योजला. १९६३ साली स्थापन झालेल्या सरकारी कचेरीने हजारो तरुणांना मुख्य भूमीवर धाडले. आणि त्याच सुमारास सुरू झालेल्या दुसऱ्या योजनेत सुमारे २,००० मुले, कित्येकांचे आईबाप हयात असताना, फ्रान्समधील ओस पडत चाललेल्या क्रूझसारख्या ग्रामीण जिल्ह्यांत पाठवली गेली. २०१४ साली फ्रान्सच्या संसदेने याची नैतिक जबाबदारी मान्य केली. बेटाच्या राहणीमानाच्या ताळेबंदात ही मुलेही धरली पाहिजेत.

ताळेबंद

आता तोलून पाहू. रेयुनियनच्या गरिबाला उत्तम रुग्णालय मिळते, बेकार झाला तरी त्याची चूल विझत नाही, आणि सरासरी सात वर्षांचे अधिक आयुष्य ही कोणत्याही तात्त्विक युक्तिवादाने खोडून टाकण्याजोगी गोष्ट नाही. मॉरिशसच्या तरुणाला काम मिळण्याची शक्यता अधिक आहे, आणि आपल्या धोरणात चूक झाली तर ती मतपेटीतून दुरुस्त करण्याचा अधिकार त्याच्या हाती आहे. त्या अधिकाराची किंमतही त्याने मोजली आहे : १९६५ साली, स्वातंत्र्याच्या वाटाघाटी चालू असताना, चागोस द्वीपसमूह इंग्रजांनी तोडून घेतला आणि तेथील रहिवाशांना पुढे घरादारांतून उठवले.

२००५ च्या आरंभी जागतिक कापडव्यापाराचा जुना बंदोबस्त संपला, युरोपने साखरेचा भाव ३६ टक्क्यांनी उतरवला, आणि २००९ साली साखरेचा विशेष करारच मावळला. एकोणिसाव्या शतकात अडीचशेहून अधिक कारखाने असलेल्या मॉरिशसमध्ये आज साखरेचे अवघे तीन कारखाने आहेत. भारताशी असलेल्या करविषयक तहाने तेथे वित्तव्यवसायाला बरकत आली होती. तोही तह २०१६ साली बदलला. इतकी ठाणी हातची गेली तरी बेट कोसळले नाही, कारण सवलतीच्या काळात शिक्षण, कारखानदारी आणि कारभाराची सवय ही पुंजी जमली होती. मात्र त्याच कापडगिरण्यांत आता बांगलादेशातून कराराने आणलेले मजूर राबतात. गिरमिटियांच्या वंशजांनी चालवलेल्या देशाने या परक्या मजुराच्या कोठडीकडे आणि पगाराकडे अत्यंत कठोर डोळ्याने पाहिले पाहिजे, हे मी आवर्जून सांगेन. तसे न पाहणारे राहणीमान उसन्या अब्रूचे ठरेल.

माझा निष्कर्ष असा, की लहान मुलखाला बाहेरची सवलत लागतेच, मग तिचे नाव हमीचा साखरभाव असो की फ्रान्सचे नागरिकत्व. मॉरिशसची सवलत मुदतीची होती, आणि मुदतीच्या जाणिवेनेच ती भांडवलात रूपांतरित झाली. रेयुनियनची सवलत बेमुदत आहे. तिने माणसाला आजारातून आणि उपासमारीतून वाचवले, पण तिचे भांडवल करण्याची निकड कोणालाही वाटू दिली नाही, आणि तिच्या विनियोगाचे निर्णय बेटाबाहेर होत राहिले. यास्तव मॉरिशसने आपल्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेत रेयुनियनची बरोबरी गाठणे, आणि फ्रान्सने रेयुनियनकडे येणाऱ्या पैशाचा मोठा हिस्सा बेटावरच्याच लोकप्रतिनिधींच्या हाती उद्योगासाठी सोपवणे, ही या दोन ताळेबंदांतून निघणारी दोन कर्तव्ये आहेत. दोन्ही बेटे हिंदी महासागर आयोगात एकत्र बसतात. तेथे साखरेच्या व मासळीच्या हिशेबाबरोबर आयुर्मानाचे आणि रोजगाराचे आकडे समोरासमोर मांडले गेले, तर तुलनेचा उपयोग दोघांनाही होईल.