रॅमचे व्होल्टेज, प्रोसेसरची मर्यादा

संगणकाच्या रॅममधील प्रत्येक बिट एका अतिसूक्ष्म धारित्रात, म्हणजे विद्युतभार धरून ठेवणाऱ्या घटकात, साठवलेला असतो आणि हा भार सतत झिरपत असल्याने दर 64 मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. भोवतालच्या मंडलांना अधिक विद्युतदाब मिळाला की ती अधिक चपळाईने काम करतात, म्हणूनच रॅम नेमल्या वेगापेक्षा जलद पळवू पाहणारे हौशी वापरकर्ते बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ आज्ञावलीत, शिरून प्रथम व्होल्टेज वाढवतात.

मात्र सुरक्षित व्होल्टेज एकट्या रॅमच्या सहनशक्तीवरून ठरत नाही, हे 2008 मध्ये आलेल्या इंटेलच्या पहिल्या कोअर आय7 प्रोसेसरांनी स्पष्ट केले. तोवर इंटेलच्या डेस्कटॉप संगणकांत मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी होणारी देवाणघेवाण सांभाळणारे मंडल, मदरबोर्डवरील वेगळ्या चिपमध्ये असे. ते आता प्रोसेसरच्याच पोटात आले. डीडीआर3 रॅमचे प्रमाणित व्होल्टेज 1.5 असले, तरी 1.8 ते 2 व्होल्टवर चालणारी वेगवान मॉड्यूल तेव्हा बाजारात होती. 1.65 व्होल्टच्या पुढे गेल्यास प्रोसेसरला कायमची इजा होऊ शकते, असा इशारा देण्यात आला आणि काही मदरबोर्डांच्या रॅम-स्लॉटवर तशी चिठ्ठीच चिकटवलेली असे. रॅम जे सोसत होती, ते तिला जोडलेल्या प्रोसेसरला सोसणारे नव्हते.

त्यानंतरच्या पिढीच्या डीडीआर4 रॅमचे प्रमाणित व्होल्टेज 1.2 आहे. एक्सएमपी, म्हणजे उत्पादकाने मॉड्यूलवरील छोट्या चिपमध्ये नोंदवून ठेवलेली वेगवान मांडणी, निवडली की ते बहुधा 1.35 होते. तांत्रिक पत्रकात 1.5 व्होल्ट हा आकडाही सापडतो, परंतु ती नुकसानीची सीमा आहे, रोज चालवण्याची पातळी नव्हे, आणि या दोहोंची गल्लत फार महागात पडते. शिवाय विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने 1.2 वरून 1.35 वर जाताना, वेग तोच राहिला तरी, तो सुमारे 27 टक्क्यांनी वाढतो. त्या उष्णतेने धारित्रांतील भार अधिक लवकर झिरपतो आणि ज्या चुका टाळण्यासाठी व्होल्टेज वाढवले, त्याच पुन्हा डोके वर काढतात.

सर्वांत दुर्लक्षित राहते ते बायोसमधील ‘ऑटो’, म्हणजे व्होल्टेज मदरबोर्डनेच ठरवण्याची मांडणी. एक्सएमपी सुरू करताच काही मदरबोर्ड मेमरी कंट्रोलरचे स्वतंत्र व्होल्टेजही परस्पर वाढवतात. 2023 मध्ये रायझन 7000 मालिकेतील काही प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने एसओसी व्होल्टेजला, म्हणजे मेमरी कंट्रोलरला मिळणाऱ्या व्होल्टेजला, नव्या बायोसद्वारे 1.3 व्होल्टची मर्यादा घातली. म्हणून एक्सएमपी लावल्यावर रॅम आणि कंट्रोलर या दोन्हींचे प्रत्यक्ष आकडे वाचावेत, प्रोसेसर-उत्पादकाच्या मर्यादेशी ताडून पाहावेत, वाढ करायचीच तर ती 0.01 ते 0.02 व्होल्टच्या टप्प्यांनी करावी आणि प्रत्येक बदलानंतर मेमटेस्ट86 सारखी चाचणी काही तास चालू ठेवावी. चुका दिसल्यास आणखी व्होल्टेज देण्याआधी वेग एक पायरी खाली आणावा.