भोर : संस्थानची राजधानी आणि अपडाउनचें गांव

भोर म्हटलें कीं पुष्कळ सुशिक्षितांसही खंडाळ्याचा भोरघाट आठवतो. तो घाट फार दूर, मुंबईच्या वाटेवर आहे. आम्ही ज्याविषयीं लिहीत आहों तें भोर पुण्याच्या दक्षिणेस सुमारें ५० किलोमीटरांवर, नीरा नदीच्या खोऱ्यांत वसलेलें आहे. सातारच्या रस्त्यानें कात्रजचा डोंगर ओलांडून, खेड-शिवापूर आणि नसरापूरचा फाटा मागें टाकून, कापूरहोळास उजवीकडे वळलें म्हणजे थोड्याच वेळांत हें गांव लागतें.

सन १६९७ मध्यें राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत शंकराजी नारायण सचिव यांजकडे हा मुलूख आला आणि त्यांच्या वंशजांनीं पंतसचिव या नांवानें तो अडीचशें वर्षें सांभाळला. मूळ पुरुषाचा शेवट मात्र हृदयद्रावक झाला. ताराबाईंस दिलेलें वचन एकीकडे आणि मोगलांच्या कैदेंतून सुटून आलेल्या शाहू महाराजांचा हक्क दुसरीकडे, अशा पेंचांत सांपडून शंकराजींनीं १७०७ सालीं आपला प्राण दिला. त्यांची समाधि भोरजवळ अंबवडें येथें आहे. पुढें संस्थान चांगलें विस्तारलें. त्याचें क्षेत्र सुमारें ९२५ चौरस मैल असून त्यांत विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड असे पांच तालुके होते. म्हणजे सह्याद्रीचा माथा ओलांडून तें थेट कोंकणांत पालीपर्यंत उतरलें होतें. ता. ८ मार्च १९४८ रोजीं संस्थान विलीन झालें.

विलीनीकरणानें राज्य गेलें, याचें फारसें दुःख आज कोणी करीत नाहीं. पण राजधानीच्या गांवाचें पोट ज्यावर चालतें तो दरबारही त्याबरोबर गेला. कारकून, मास्तर, वकील, वैद्य, कीर्तनकार अशीं जीं घरें दरबाराच्या आधारानें नांदत होतीं, त्यांच्या मुलांस पुण्या-मुंबईचा रस्ता धरावा लागला. वाड्यांत म्हातारीं माणसें राहिलीं. तालुक्याची कचेरी, न्यायालय, शाळा व पुढें महाविद्यालय यांच्या बळावर गांव तगलें. परंतु २०११ च्या खानेसुमारींतही शहराची वस्ती अठरा हजारांच्या आसपासच भरली. पंतसचिवांचा राजवाडा अजून उभा आहे आणि चित्रपटवाल्यांस तो फार आवडतो.

आतां मात्र या गांवास एक नवीन वृत्ति लाभली आहे. अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आगगाडीच्या कंपन्यांनीं रोज शहरांत जाऊन येणाऱ्या उतारूंसाठीं सवलतीचा पास काढला. रोजच्या सुट्या भाड्याऐवजीं एकदम ठोक रक्कम भरावयाची, म्हणजे एका देण्याचा दुसऱ्या देण्याशीं बदल करावयाचा. या बदलाच्या इंग्रजी शब्दावरून असा पास बाळगणाऱ्यास 'कम्यूटर' हें नांव पडलें. अशा उतारूंच्याच घरांनीं वाढलेलीं लहान शहरें तिकडे प्रत्येक महानगराभोंवतीं दिसतात. आमच्याकडे यास 'अपडाउन करणें' म्हणतात. "मुलगा काय करतो?" या प्रश्नास "पुण्यास अपडाउन करतो" हें उत्तर भोरास आतां इतकें रुळलें आहे कीं, तो तेथें नेमकें काय काम करतो हें विचारण्याचें पुष्कळदां राहूनच जातें.

या अपडाउनचा हिशेब एकदां मांडून पाहण्यासारखा आहे. घरापासून कामाच्या जागेपर्यंत, एस. टी. ची वाट पाहणें आणि कात्रजची गर्दी धरून, दोन तास जावयास व दोन तास यावयास लागले आणि कामाचे दिवस वर्षाचे २८० धरले, तर ११२० तास होतात. म्हणजे रात्रंदिवस मोजल्यास वर्षांतील ४६ दिवस हा मनुष्य रस्त्यावर असतो. घरांतील व्यवस्थाही त्याप्रमाणें बदलते. सकाळचा डबा उजाडण्यापूर्वीं तयार हवा. रात्रीं मुलें व वृद्ध आधीं जेवतात आणि एक पान झांकून ठेवलेलें असतें. लहान मुलास वडिलांची ओळख रविवारींच व्हावयाची! सूनबाईही नोकरीस जात असेल तर सासूबाईंच्या वयाला न शोभणारा भार त्यांच्यावर पडतो, आणि त्याबद्दल घरांत कोणी चकार शब्द काढीत नाहीं, कारण ही सारी घडी त्यांच्याच भरंवशावर बसलेली असते. सरकारनें एस. टी. मध्यें ७५ वर्षांवरील वृद्धांस २०२२ च्या ऑगस्टपासून मोफत आणि स्त्रियांस १७ मार्च २०२३ पासून अर्ध्या भाड्यानें प्रवास दिला. त्यांतील दुसऱ्या सवलतीनें नोकरीच्या व शिक्षणाच्या मुलींस घर न सोडतां पुणें गांठणें स्वस्त पडूं लागलें. आमच्या मतें या भागांत या एका गोष्टीचें महत्त्व पुष्कळ मोठ्या योजनांहून अधिक आहे.

मौज अशी कीं, उलट दिशेनेंही अपडाउन चालतें. शाळांतील शिक्षक, बँकांतील व कचेऱ्यांतील नोकरवर्ग यांतील बरेच लोक पुण्यास राहून रोज भोरास येतात. गांवचा तरुण पुण्याच्या कचेरींत आणि पुण्याचा कारकून गांवच्या कचेरींत. दोघांच्या गाड्या सकाळीं वाटेंत कोठें तरी एकमेकींस ओलांडून जातात. संध्याकाळीं शाळा सुटल्यावर मुलांस मास्तर गांवांत कोठें भेटत नाहींत, आणि पूर्वीं मास्तरांच्या ओटीवर जें शिक्षण होत असे तें आपोआप बंद पडतें.

मग हीं कुटुंबें सरळ पुण्यास बिऱ्हाड कां करीत नाहींत? कांहीं करतातच. पण कात्रज-धायरीकडे दोन खोल्यांची जागा घेतली कीं पगाराचा मोठा भाग हप्त्यांत जातो, वडील माणसांस तेथें करमत नाहीं, आणि भोरच्या घरास कुलूप लागतें. कुलूप लागलेलें माती-लांकडाचें घर मावळच्या पावसांत फार वर्षें टिकत नाहीं. चार पावसाळ्यांत वांसे कुजतात, आणि मग वांटण्यांचा प्रश्न आपसूक निघतो. राहतें घर हेंच एकत्र कुटुंबाचें शेवटचें समायिक धन असतें. तें राखण्याची किंमत म्हणजे वरचे ११२० तास. कोणी ती देतात, कोणी देत नाहींत. दोघांसही नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं.

तथापि वाढ म्हणून जी दिसते ती जुन्या राजधानींत थोडी आणि हमरस्त्यावर फार आहे. नसरापूर, चेलाडी, कापूरहोळ या बाजूस चाळी, इमारती, गोदामें आणि उपाहारगृहें यांची रांग लागली आहे. नसरापूरच्या बनेश्वराचें मंदिर नानासाहेब पेशव्यांच्या काळचें. तेथें पूर्वीं रानाची शांतता असे. सन २०१५ मध्यें पुणें महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झालें, त्यांत भोर व वेल्हे तालुक्यांचा कांहीं भाग घेतला आहे. पुण्याभोंवतीं जो वर्तुळमार्ग व्हावयाचा आहे, त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन्ही भाग भोर तालुक्यांतील वर्वें येथें मिळावयाचे आहेत. त्यामुळें भाताच्या खाचरांचे गुंठे पडूं लागले. गुंठ्याचा भाव ऐकून शेतकऱ्याची छाती फुगते, पण ते पैसे घर बांधण्यांत आणि लग्नांत किती लौकर संपतात याचा अनुभव पुष्कळांनीं घेतला आहे. विकलेल्या जमिनीवर उठलेल्या बंगल्याची राखण करावयास जुना धनीच नेमला जातो, हेंही या भागांत पाहावयास मिळतें.

पश्चिमेकडील वेल्ह्याची स्थिति याहून निराळी. मुळशी तालुका पुण्यास तसाच लागून. २००१ ते २०११ या दहा वर्षांत त्याची वस्ती झपाट्यानें वाढली. वेल्ह्याची मात्र सुमारें ५६ हजारांवरून साडेचोपन्न हजारांवर उतरली! तेथून रोज जाऊन येणें कठीण, म्हणून जाणारा कायमचाच जातो. पाण्याची गोष्टही विचार करण्यासारखी आहे. पानशेत व गुंजवणी हीं धरणें वेल्ह्यांत, भाटघर व नीरा-देवघर हीं भोरांत. पानशेतचें पाणी पुण्यास, आणि भाटघरचें नीरेच्या कालव्यांनीं बारामती, इंदापूर, फलटणच्या उंसास जातें. वरच्या डोंगरांतील वाड्यांस उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. ज्यांच्या जमिनी धरणांत बुडाल्या त्यांचीं मुलें आज त्याच पाण्यावर वाढलेल्या पुण्यांत खोली भाड्यानें घेऊन राहतात.

वेल्हे तालुक्यास राजगड हें नांव देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानें मार्च २०२४ मध्यें घेतला. संस्थानच्या कारकीर्दींत या नांवाचा तालुका होताच, हें वर आलेंच आहे. पुढील खानेसुमारी १ मार्च २०२७ ही तारीख धरून व्हावयाची आहे. तींत मनुष्याची गणना तो नेहमीं जेथें राहतो तेथें होते. पहांटेच्या एस. टी. नें जाऊन रात्रीं परतणारा मुलगा भोरचा मोजला जाईल, आणि त्याचा कात्रजला बिऱ्हाड करून राहिलेला धाकटा भाऊ पुण्याचा.