पडद्यावरचा रंगीत डाग : दोष ट्यूबचा नव्हे, चुंबकाचा

नांदेड आणि लातूर या शहरांतील अनेक घरांतून मागे फुगीर पाठ असलेला जुना दूरचित्रवाणी संच अद्याप पूर्णपणे हद्दपार झालेला नाही. बैठकीच्या खोलीत नवा सपाट पडदा आला की जुना संच आतल्या खोलीत, गावाकडच्या घरी किंवा शेतातील आखाड्यावर जातो. सेट टॉप बॉक्सची वायर जोडली की तो पुन्हा कामाला लागतो. अशा संचाच्या पडद्यावर एखाद्या दिवशी कोपऱ्यात हिरवट किंवा जांभळा डाग उमटतो. निवेदकाचा अर्धा चेहरा नेहमीसारखा आणि अर्धा हिरवा दिसू लागतो. कार्यक्रम बदलला, वाहिनी बदलली तरी डाग जागचा हलत नाही. ‘ट्यूब गेली’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो आणि चालता संच भंगारवाल्याच्या गाड्यावर चढतो. प्रत्यक्षात असा डाग पुष्कळदा केवळ चुंबकामुळे पडलेला असतो आणि काहीही खर्च न करता तो जाऊ शकतो.

ही घाई महाग पडण्याचे कारण असे, की गेलेली ट्यूब आता बदलून मिळत नाही. एकेकाळी रंगीत संचांची निर्मिती हा मराठवाड्याचाच उद्योग होता. छत्रपती संभाजीनगर म्हणजे तत्कालीन औरंगाबादजवळ चितेगाव येथे व्हिडिओकॉनच्या कारखान्यात संच तयार होत. ही कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्याआधीच सपाट पडद्यांनी बाजारपेठ व्यापली होती आणि घरगुती संचांसाठी पिक्चर ट्यूब बनविणे जगभरातच थांबत आले होते. त्यामुळे हाती असलेली ट्यूब निष्कारण मोडीत न काढणे हेच शहाणपणाचे ठरते.

डाग पडतो कसा?

रंगीत पिक्चर ट्यूबच्या निमुळत्या मानेत तीन इलेक्ट्रॉन गन असतात. लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी प्रत्येकी एक. या गनमधून निघणाऱ्या झोताला स्वतःचा रंग नसतो. सुमारे २५ हजार व्होल्टच्या दाबाने हे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास ३० टक्के वेगाने पडद्याकडे झेपावतात. पडद्याच्या आतील बाजूस फॉस्फरचे तिरंगी ठिपके किंवा पट्टे असतात. ज्या रंगाच्या पट्ट्यावर झोत आदळतो, तो रंग उजळतो.

कोणता झोत कोणत्या पट्ट्यावर पडावा, हे ठरविण्याचे काम ‘शॅडो मास्क’ करतो. पडद्याच्या किंचित मागे बसविलेला, लाखो बारीक छिद्रे असलेला हा पातळ पोलादी पत्रा होय. अंगणाकडे उघडणाऱ्या एकाच जाळीच्या खिडकीतून तीन ठिकाणी उभ्या असलेल्या तिघांना अंगणाचे तीन निरनिराळे भाग दिसावेत, तसाच हा प्रकार आहे. तिन्ही झोत एकाच छिद्रातून, परंतु वेगवेगळ्या कोनांतून जातात आणि आपापल्या रंगावर पोहोचतात. तीन रंगांच्या पट्ट्यांचा एक संपूर्ण संच एक मिलिमीटरपेक्षाही अरुंद असतो. झोत केसभर जरी ढळला, तरी लाल रंगाचा वाटा हिरव्याला मिळतो.

चुंबक नेमके हेच करतो. इलेक्ट्रॉनचा झोत चुंबकाजवळ वाकतो. चुंबक दूर नेला की झोत सरळ व्हावा, ही अपेक्षा असते. परंतु मास्क पोलादाचा असल्याने तो स्वतःच दुबळा चुंबक बनून बसतो. मूळ चुंबक गेला तरी डाग राहतो, तो यामुळे. कृष्णधवल संचात मास्कच नसे. त्याच्या पडद्याजवळ चुंबक धरला की चित्र वाकडे होई आणि काढला की पूर्ववत होई. त्यामुळे तो खेळ निरुपद्रवी होता. भारतात १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि तोच खेळ संचाच्या मुळावर येऊ लागला.

पृथ्वीचाही हातभार

प्रत्येक वेळी गुन्हेगार घरातील चुंबकच असतो असे नाही. पृथ्वी स्वतः एक मोठा चुंबक आहे. मराठवाड्यात तिच्या चुंबकीय क्षेत्राची तीव्रता सुमारे ०.४ गॉस भरते. स्पीकरमधील चुंबकाच्या तोंडाशी ती शेकडो गॉस असते. भूचुंबकत्व इतके नाजूक आहे, की मुंबईत विजेवरील ट्रॅम धावणार म्हणून कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय नोंदींचे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवावे लागले. आजही अलिबागच्या वेधशाळेत या नोंदी होतात. परंतु पिक्चर ट्यूबमधील झोताला वाकविण्यास एवढे क्षेत्रही पुरेसे असते.

म्हणूनच संचाची दिशा बदलली की रंग बिघडू शकतात. भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या आरासीसाठी संच एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीकडे जातो, दिवाळीच्या साफसफाईत कपाटे फिरतात, घर बदलते. पूर्वेकडे तोंड असलेला संच उत्तरेकडे वळला, की मास्कच्या दृष्टीने भूचुंबकत्वाची दिशाच बदलते. याखेरीज होम थिएटरचे स्पीकर, संचाला टेकून ठेवलेली ध्वनिक्षेपकाची पेटी, मोडक्या स्पीकरमधून काढलेला चुंबक ही नेहमीची कारणे आहेत. घराजवळ वीज कोसळल्यानेही मास्क चुंबकित होऊ शकतो. स्टॅबिलायझर संचाला अगदी चिकटून असल्यास चित्र थरथरते. मात्र तो दूर सरकविला की थरथर थांबते.

‘धुम्म’ आवाजाचा अर्थ

या दोषावरचा उपाय निर्मात्यांनी संचातच बसविलेला असतो. बंद संच मुख्य बटणाने सुरू करताच ‘धुम्म’ असा क्षणिक आवाज येतो. ट्यूबभोवती गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेच्या कॉइलचा तो आवाज होय. या प्रक्रियेला डीगॉसिंग म्हणतात. जर्मन गणितज्ञ कार्ल फ्रेडरिक गाऊस यांच्या नावावरून हा शब्द आला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने समुद्रात चुंबकीय सुरुंग पेरले, तेव्हा ब्रिटिश नौदलाने जहाजांच्या पोलादी सांगाड्यांचे चुंबकत्व नाहीसे करण्यासाठी हे तंत्र वापरले.

घरातील वीज दर सेकंदाला ५० वेळा दिशेचा पूर्ण फेरा करते. ती कॉइलमधून वाहिली की मास्कचे चुंबकत्व आलटून पालटून दोन्ही दिशांना ओढले जाते. प्रत्येक फेऱ्यात हा ओढा थोडा कमी होतो. जोरात दिलेला झोका मंदावत मंदावत शेवटी मधोमध थांबतो, त्याप्रमाणे मास्क निवळतो आणि त्या जागेच्या भूचुंबकत्वाशी जुळवून घेतो. वीज हळूहळू कमी करण्याचे काम ‘पॉझिस्टर’ नावाचा छोटा भाग करतो. तो तापला की वीज अडवितो आणि पुरता थंड होईपर्यंत पुन्हा काम करीत नाही.

गंमतीचा भाग असा, की भारनियमनाच्या वर्षांत या कॉइलला आपोआप काम मिळत असे. वीज तासन्‌तास जाई, पॉझिस्टर थंड होई आणि वीज येताच पडदा निवळे. आता संच रिमोटने बंद होतो व मुख्य बटण महिनोन्‌महिने चालूच राहते. अनेक संचांत अशा वेळी कॉइलपर्यंत वीज नव्याने पोहोचतच नाही आणि डाग साचत जातो.

घरी काय करावे?

प्रथम डागाची जात ओळखावी. रिमोटवरून रंगाचे प्रमाण शून्यावर आणावे. चित्र कृष्णधवल होऊनही डाग रंगीतच राहिला, तर दोष पडद्याच्या बाजूचा आहे. डागही नाहीसा झाला, तर तो केबल, सेट टॉप बॉक्स किंवा संचातील रंगाच्या सर्किटमध्ये शोधावा.

डाग पडद्याचा असेल, तर स्पीकर व अन्य चुंबकीय वस्तू हातभर तरी दूर न्याव्यात. संच कायमच्या जागी ठेवावा. मुख्य बटणाने, रिमोटने नव्हे, तो बंद करून किमान अर्धा तास तसाच ठेवावा. मे महिन्याच्या उन्हाळ्यात तासभर थांबणे बरे. मग सुरू करावा. लागोपाठ बटण दाबून उपयोग नाही, कारण पॉझिस्टर गरम असतो. दिवसातून तीन-चार वेळा, असे दोन-तीन दिवस केल्यास साधारण डाग फिका होत जातो. ‘धुम्म’ आवाज मुळीच येत नसेल, तर पॉझिस्टर किंवा कॉइल निकामी झाल्याची शक्यता असते. तो भाग बदलण्याचे काम कारागिराचे आहे.

डाग गडद असेल, तर कारागीर हातात धरायची कॉइल वापरतो. तिची रीत पाहून त्याची पारख करता येते. कॉइल पडद्यापासून सहा-सात फुटांवर सुरू करावी, जवळ आणून पडद्यावर गोलाकार फिरवावी, फिरवीत फिरवीतच पुन्हा तेवढ्याच अंतरावर न्यावी आणि मगच बंद करावी. पडद्याजवळ असताना ती बंद केली, तर झोका मध्येच अडवावा तसे होते आणि डाग पूर्वीपेक्षा वाढतो. हृदयात पेसमेकर बसविलेल्या व्यक्तीने त्या वेळी खोलीत थांबू नये. कॅसेट, हार्ड डिस्क, बँकेची कार्डे आणि चावीची घड्याळेही दूर ठेवावीत. मोडक्या संचातील कॉइल काढून थेट प्लगमध्ये जोडण्याचा प्रयोग मात्र कोणीही करू नये. ती काही क्षणांत जळते आणि विजेचा धक्का बसू शकतो.

डाग जात नसेल तर

संच पडल्याने मास्क वाकला असेल, तर कोणतीही कॉइल तो सरळ करू शकत नाही. भडक दृश्य बराच वेळ चालल्यावर उमटणारा आणि ब्राइटनेस कमी करताच ओसरणारा डाग मास्क तापून फुगल्यामुळे पडतो. तो चुंबकाचा नव्हे. सगळा पडदाच एका रंगाकडे झुकला असेल, तर एखादी गन क्षीण झाली असावी किंवा सर्किटमध्ये बिघाड असावा. अशा वेळी खरोखरच कारागिराचे मत घ्यावे. पाठीमागचे झाकण घरी उघडू नये. संच बंद असला तरी ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा भार शिल्लक राहू शकतो.

आणि ट्यूब खरोखरच संपली, तरी ती भंगाराच्या ढिगावर फोडली जाऊ नये. तिच्या काचेत शिशाचे प्रमाण मोठे असते आणि ते माती व पाण्यात मिसळल्यास घातक ठरते. तसा संच नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडेच द्यावा. परंतु तो दिवस येण्याआधी, संच गाड्यावर चढविण्यापूर्वी, मुख्य बटण बंद करून अर्धा तास वाट पाहण्यास काय हरकत आहे?