रक्त पातळ करणारी गोळी आणि पाड्यावरचे जगणे



“ताई, डॉक्टर म्हणतात अंगात रक्त कमी आहे, आणि गोळी देतात रक्त पातळ करायची. मग माझ्यात उरेल काय?” जव्हार तालुक्यातील एका पाड्यावरच्या बहिणीने मला हे विचारले. दोन आठवड्यांपासून तिने गोळी बंद केली होती.

तिचे काही चुकले नव्हते. गोळीचे नावच फसवे आहे. ही गोळी रक्ताचे पाणी करत नाही, रक्त कमीही करत नाही. रक्ताची गुठळी सहज होऊ नये, एवढेच काम ती करते.

लहानपणी घसा दुखून ताप येतो, उपचार होत नाही. काही मुलांना त्यातून पुढे संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाची झडप खराब होते. वर्षांनंतर हृदयाचा वरचा कप्पा मोठा होतो, ठोके अनियमित पडू लागतात. कप्प्यात रक्त साचून गुठळी होते. ती मेंदूत गेली की लकवा. अनियमित ठोक्यांमुळे हा धोका सुमारे पाचपट वाढतो. झडप आकसलेली असेल तर त्याहूनही जास्त.

म्हणून वॉरफेरिनसारखी गोळी बहुधा जन्मभर घ्यावी लागते. तिचा डोस ‘पीटी-आयएनआर’ या रक्ततपासणीवर ठरतो. निरोगी माणसात हा आकडा सुमारे 1 असतो. या रुग्णांत साधारण 2 ते 3 ठेवतात. खाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. वरचेवर तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या निघाल्या आहेत. पण झडपेच्या या आजारात 2022 च्या एका मोठ्या अभ्यासात जुन्या गोळीचेच रुग्ण अधिक जगले.

तपासणीचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी, एसटीचे भाडे आणि सोबतीला घरातले एक माणूस. एवढे करून गोळीने दम कमी होत नाही, अंगात ताकद येत नाही. टळलेला लकवा कोणाला दिसत नाही. विळा लागल्यावर न थांबणारे रक्त मात्र दिसते.

माझीही एक चूक कबूल करते. “पालेभाजी बंद कर,” असे मी तिला सांगितले होते. पावसाळ्यात टाकळा, कुरडू, माठ हेच तिच्या घरचे कालवण. महिनाभर ती मिरचीशी भाकरी खात राहिली. डॉक्टरांनी मला समजावले : पालेभाजीतले ‘के’ जीवनसत्त्व गोळीच्या उलट काम करते हे खरे, पण भाजी सोडायची नाही, दर आठवड्याला साधारण सारखीच खायची. रानभाज्या सुरू झाल्या की डॉक्टरांना सांगायचे, ते तपासणी करून डोस बसवतात. मी पाड्यावर जाऊन तिची क्षमा मागितली.

आता आम्ही प्रत्येक रुग्णाला सांगतो :

• गोळी रोज ठरल्या वेळी घ्या. चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.
• अंगदुखीवर दुकानातली गोळी किंवा सुई डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. झाडपाल्याचे औषध घेत असाल तर लपवू नका.
• काळी शौच, लाल लघवी, डोक्याला मार, हिरड्यांतून न थांबणारे रक्त : लगेच दवाखाना गाठा.
• दिवस राहिल्याची शंका आली तर ताबडतोब डॉक्टरांना कळवा. या गोळीने गर्भाला अपाय होऊ शकतो.

त्या बहिणीने गोळी पुन्हा सुरू केली आहे. तपासणीला आमची एक कार्यकर्ती तिच्यासोबत जाते.

शुभवर्तमानात पक्षघाती मनुष्याला चौघांनी उचलून येशूकडे आणले. आपल्या या बहिणींना लकवा होण्याआधीच कोणीतरी हात द्यायला हवा. आपल्या देणगीतून गोळ्यांबरोबर एसटीचे भाडे आणि बुडालेल्या दिवसाची मजुरीही देता यावी, अशी आमची विनंती आहे. या रुग्णांची आणि त्यांच्यासोबत चालणाऱ्या कार्यकर्त्यांची प्रार्थनेत आठवण ठेवा.