इसार देण्याआधी वकील गाठा

आजचा भाग घर घेणाऱ्यांसाठी आहे, आणि विकणाऱ्यांसाठीसुद्धा. मी शिराळ्याचा, त्यामुळे उदाहरणंही आपल्याच भागातली घेतो.

आधी एक समज बाजूला ठेवू. "रजिस्टर झालं ना, मग घर आपलंच की!" असं नसतं. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंद होते ती दस्ताची. सही करणारी माणसं तीच आहेत का, मुद्रांक शुल्क भरलंय का, हे तिथं बघतात. पण विकणाऱ्याची मालकी खरी की खोटी, याचा निवाडा तिथं होत नाही. उताऱ्याचंही तसंच. सातबारा महसुलासाठी, घराचा असेसमेंट उतारा घरपट्टीसाठी. नुसत्या फेरफाराने मालकी मिळत नाही, असं सुप्रीम कोर्टाने अनेकदा सांगितलंय.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शिराळ्यात गावठाणातलं एक घर आहे. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं. वडील वारले, मृत्युपत्र नाही. मागे आई, दोन भाऊ आणि एक बहीण. थोरला गावात, धाकटा मुंबईत, बहीण कऱ्हाडला दिलेली. उताऱ्यावर नाव एकट्या थोरल्याचं. तो म्हणतो, "बहिणीचं काय, ती तिच्या घरी सुखी आहे."

हिंदू वारसा कायद्याने या घराचे चार समान हिस्से होतात. म्हणजे थोरला विकू शकतो फक्त चार आण्यांचा हिस्सा. तुम्ही पैसे मोजता सोळा आण्यांचे! शिवाय 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 44 बघा. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्याने घेतला, तर त्याला त्या कुटुंबासोबत एकत्र ताबा मागता येत नाही. वाटपाचा दावा लावावा लागतो. कर्जाचे हप्ते मात्र चालूच.

बहिणीला घरात वाटा नाही, हा समज येतो कुठून? जुन्या वारसा कायद्यात कलम 23 होतं. भाऊ वाटप करत नाहीत तोवर बहिणीला राहत्या घराचं वाटप मागता येत नव्हतं. 9 सप्टेंबर 2005 पासून ते कलम गेलं. समज तेवढा राहिला.

मग वकील नेमकं करतो काय? साधारण 30 वर्षांचा सर्च काढतो. घर कुणाकडून कुणाकडे आलं, याची साखळी जुळते का ते बघतो. जुने फेरफार, वारस नोंदी, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, चालू दावा, सगळं तपासतो. दावा चालू असताना घेतलेलं घर त्या दाव्याच्या निकालाला बांधलेलं राहतं, हे लक्षात ठेवा. वारस जास्त असतील तर सगळ्यांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागतो. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवतो.

घरासाठी प्लॉट घेत असाल तर सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग 2" लिहिलंय का, तेही बघा. चांदोली धरणामुळे आपल्याकडे पुनर्वसनाच्या जमिनी बऱ्याच. अशी जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. आणि कुणी नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर घर देतो म्हणाला, तर थांबा. त्याने मालकी बदलत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केलंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वकिलाकडे जायचं कधी? बरेच जण जातात खरेदीखत टाइप करायला. तोवर इसार देऊन झालेला असतो, पेढे वाटून झालेले असतात. तेव्हा खोट सापडली तरी इसार बुडेल म्हणून माणूस पुढे रेटतो. म्हणून आधी वकील, मग इसार. आणि वकील तुमचा हवा. विकणाऱ्याचा नको, एजंटने बसल्या बसल्या फोन लावून दिलेलाही नको. फी आधी ठरवा आणि टायटल रिपोर्ट लेखी, सहीनिशी घ्या. "बघितलंय, काय अडचण नाही" हा रिपोर्ट नव्हे.

विकणाऱ्यांनो, तुम्हालाही वकील लागतो बरं का. मालकीतली माहीत असलेली खोट लपवली तर कायद्याने तुम्हीच अडकता. पैसे कधी, किती हप्त्यांत, मुदत चुकली तर इसाराचं काय, हे साठेखतात स्पष्ट लिहून घ्या. चेक वटायच्या आधी खरेदीखतावर सही करू नका.

फोनवरून तुम्ही एवढं आजच करू शकता. महाभूमीच्या साइटवरून 15 रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा काढा. ई-कोर्ट्स ॲपवर विकणाऱ्याच्या नावाने दावा आहे का ते बघा. पण हे वकिलाकडे जाताना न्यायचं सामान आहे, वकिलाची जागा ते घेत नाही.

आणि घर तुमच्याच कुटुंबाचं विकायचं असेल, तर नागपंचमीला मुंबईची मंडळी गावी येतात, बहिणीही माहेरी येतात. सगळे एका ओट्यावर असतानाच हा विषय काढा. बहिणीला आधी विचारा, कागद नंतर पुढे करा. पुढच्या भागात भेटू!