धडा घरात आला, आता घरानंही तो ऐकावा

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली. मशिदी बंद झाल्या आणि त्यांच्याबरोबर शेजारचे मकतबही. शाळेआधी सकाळी किंवा संध्याकाळी मगरिबच्या नमाजनंतर तासभर कुरआन शिकायला जाणारी मुलं घरात अडकली आणि उस्ताद मोबाइलवर आले. पुढे मकतब उघडले, तरी अनेक घरांत मोबाइलवरचे उस्ताद राहिलेच. तशी ही पद्धत टाळेबंदीच्या आधीची. ब्रिटन-अमेरिकेतल्या भारतीय आणि पाकिस्तानी कुटुंबांतली मुलं स्काइपवरून भारत, पाकिस्तान, इजिप्तमधल्या शिक्षकांकडे कितीतरी आधीपासून शिकत होती. टाळेबंदीनं ती वाट रत्नागिरी, महाड, भिवंडी, मालेगावच्या घरांपर्यंत आणली. कुवेत, दुबई, दोह्याच्या फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या कोकणी मुस्लिम मुलांना तर तिचा मोठाच आधार झाला.

मी या पद्धतीच्या बाजूची आहे. ज्या मुलींचं मोठ्या झाल्या म्हणून मकतबला जाणं थांबायचं, त्या आज आपाकडे, म्हणजे शिकलेल्या आलिमेकडे, घरबसल्या तजवीद, म्हणजे कुरआन शुद्ध उच्चारांत म्हणण्याची रीत, शिकतात. वस्तीपासून दूर सोसायटीत राहणाऱ्या एकट्या कुटुंबाला शिक्षक मिळतो. पाठ चुकला म्हणून छडी खाण्याची भीती नाही. पण एक गोष्ट मला मनापासून खटकते. धडा घरात आला खरा, पण मुलाच्या कानात इअरफोन घालून आपण तो घराबाहेरच ठेवला आहे.

आधी हा धडा असतो कसा ते पाहू. सुरुवात बहुतेक ठिकाणी नूरानी कायद्यानं होते. लुधियानाचे मौलाना नूर मुहम्मद हक्कानी यांचं हे पातळसं पुस्तक भारतीय उपखंडातल्या कित्येक पिढ्यांची पहिली पाटी आहे. सुटी अक्षरं, मग जोडलेली, मग जबर-जेर-पेश या स्वरखुणा, मग मद्द (स्वर लांबवणं), तश्दीद (अक्षर दुहेरी करणं). कायदा संपला की नाजरा, म्हणजे कुरआन पाहून वाचणं. तीस पारे, 114 सूरा, 6236 आयती. हिफ्ज, म्हणजे कुरआन पाठ, करणाऱ्या मुलाचे रोजचे तीन भाग असतात : सबक म्हणजे आजचा नवा पाठ, सबकी म्हणजे गेल्या काही दिवसांतले पाठ आणि मंजिल म्हणजे जुन्याची उजळणी. ऑनलाइन वर्गात हे बहुधा अर्ध्या तासात बसवलं जातं, एका वेळी एकच मूल. मकतबात तीस मुलांच्या कोलाहलात उस्तादांच्या वाट्याला एका मुलासाठी दोन-तीन मिनिटं येत. या एका बाबतीत मोबाइलनं मकतबाला मागं टाकलं आहे, हे मान्य करायलाच हवं.

खरी मेहनत असते उच्चारांची. मराठी मुलाला ‘जग’ आणि ‘जन्म’ यांतले दोन ‘ज’ आपोआप येतात, पण अरबीतल्या ज़े, ज़ाल, ज़ाद आणि ज़ोय या चार अक्षरांचा त्याच्या तोंडी एकच ‘ज’ होतो. सीन, से आणि साद यांचा एकच ‘स’. मोठ्या आणि छोट्या ‘हे’मध्ये फरकच राहत नाही, ऐन तर अलिफमध्ये विरघळून जातो. चौदाव्या-पंधराव्या शतकातले थोर कारी इब्न अल-जजरी यांनी अक्षरं जिथून निघतात अशा सतरा जागा, मखारिज, सांगितल्या. ‘से’ म्हणताना जिभेचं टोक दातांत दिसतं, ते कॅमेऱ्यात पकडता येतं. ‘ऐन’ घशातून येतो, तो कानानंच ओळखावा लागतो. आणि नेमका तिथेच मोबाइल दगा देतो. ‘से’ आणि ‘सीन’ यांतला फरक आवाजाच्या उंच पट्टीत असतो. नेटवर्क कमकुवत असलं की तीच पट्टी आधी छाटली जाते. व्हिडिओ कॉलमधली गोंगाट कमी करण्याची सोय बोलण्यासाठी केलेली असते, लांब ओढलेल्या मद्दसाठी किंवा नाकातल्या गुन्न्यासाठी नाही. झूमवर वादकांसाठी ‘ओरिजिनल साउंड’ नावाचं बटण आहे. तजवीदच्या वर्गात ते जरूर चालू करून पाहावं. आणखी एक गोष्ट मकतबात राहून गेली : सगळ्यांनी एका सुरात म्हणणं. कॉलवर आवाज किंचित उशिरानं पोहोचतो, त्यामुळे दहा मुलांचा एक सूर जमत नाही.

यंत्रातून कुरआन शिकणं ही तशी नवी गोष्ट नाही. इजिप्तचे शेख महमूद खलील अल-हुसरी यांच्या आवाजात संपूर्ण कुरआनचं ध्वनिमुद्रण 1961 मध्ये तयार झालं. 1964 मध्ये कैरोत केवळ कुरआनसाठी रेडिओ केंद्र सुरू झालं. हुसरींच्या एका ध्वनिमुद्रणात ते एक आयत म्हणतात आणि मुलं ती पाठोपाठ म्हणतात. ते आजही घराघरांत वाजतं. आपल्याकडे विनोबांनी कुरआनचा अभ्यास केला, तेव्हा रेडिओवरचं पठण ऐकून उच्चार समजून घेतले होते. तोच अभ्यास पुढे ‘कुराणसार’ या त्यांच्या संकलनात उतरला. पण ध्वनिमुद्रण मुलाचं ऐकत नाही, चूक दाखवत नाही. शिक्षकाच्या मुखातून ऐकायचं आणि त्यालाच ऐकवून दाखवायचं, ही इस्लामी शिक्षणाची मूळ रीत आहे. ती समोरासमोरच्या कॉलमध्ये टिकते, नुसत्या व्हिडिओ मालिकेत टिकत नाही. म्हणून ‘अ‍ॅप घेतलं, आता शिक्षकाची गरज नाही’ असं म्हणणाऱ्या पालकांशी मी सहमत नाही.

शिक्षक निवडताना एक साधी अडचण आधीच पाहून घ्यावी. मुलापुढे मुंबई-दिल्लीत छापलेला कुरआन असतो आणि अरब शिक्षकापुढे मदिनेच्या छापखान्यातली 604 पानांची प्रत. दोन्हींतला मजकूर तोच, पण खुणा लिहिण्याची ढब निराळी, पान संपण्याची जागा निराळी. घरात ‘जबर’ म्हणतात, तिकडे ‘फतहा’. घरात ‘पारा’, तिकडे ‘जुझ’. सहा वर्षांचं मूल यात गोंधळतं आणि मोठ्यांना वाटतं, त्याला येत नाही. पहिल्याच दिवशी दोघांनी एकच छापील प्रत ठरवावी आणि ती रेहलवर (ग्रंथ ठेवायच्या घडवंचीवर) उघडून समोर ठेवावी. मोबाइलच्या पडद्यावरचं पान मुलानं वाचू नये. वुजू करून (हात-तोंड-पाय धुऊन), ग्रंथ हातात घेऊन बसण्याची सवय हाही धड्याचाच भाग आहे.

उच्चारांचं झालं, पण दीनियात, म्हणजे धर्मशिक्षण, फक्त वाचन नव्हे. नमाज, दुआ, पैगंबरांचं चरित्र, हलाल-हराम, वागण्या-बोलण्याची रीत हे सगळं त्यात येतं. इथे घरानं कान उघडे ठेवले नाहीत, तर काय होतं याचं उदाहरण कोकणातच आहे. कोकणी मुस्लिम बहुसंख्येनं शाफई पंथाचे. उर्दूत शिकवणारे ऑनलाइन उस्ताद बहुधा हनफी. शाफई रीतीनं फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजेच्या, दुसऱ्या रकातीत (आवर्तनात) कुनूत ही दुआ म्हणतात, रुकूला (कमरेत वाकायला) जाताना आणि उठताना हात उचलतात, मोठ्यानं ‘आमीन’ म्हणतात. हनफी रीतीत फजरला कुनूत नाही, हात फक्त सुरुवातीला उचलतात, आमीन मनात म्हणतात. दुपारनंतरच्या असरच्या नमाजेची वेळही हनफींमध्ये उशिरा सुरू होते. इमाम अबू हनीफा 767 मध्ये गेले, इमाम शाफई 820 मध्ये. दोन्ही मार्ग बाराशे वर्षांहून जुने आणि दोन्ही मान्य. मुलाला हे कुणी सांगितलं नाही, तर ते एक दिवस आजोबांना म्हणतं, “तुमची नमाज चुकते.” कोळंबीचंही तसंच. शाफई मतानं ती निःशंक हलाल, हनफी उलेमांत मात्र तिच्याबद्दल मतभेद आहेत. श्रीवर्धन-दापोलीच्या घरात मुलानं ताटातली कोळंबी बाजूला सारली, तर दोष उस्तादांचा नाही. त्यांनी आपल्या पंथाचं शिकवलं. धडा कुणी ऐकलाच नाही, हे दुखणं आहे.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे : इअरफोन काढा. वर्ग आतल्या खोलीत दार लावून नको, बाहेरच्या खोलीत, घरातलं माणूस वावरतं तिथे असावा. आवाज स्पष्ट यावा म्हणून शिक्षक इअरफोन मागतात, ते चूक नाही. पण छोटा माइक आणि स्पीकर यांनी तेच काम होतं. मुलांच्या सुरक्षिततेसाठी हे हवंच. अनोळखी मोठं माणूस रोज अर्धा तास मुलाशी एकांतात बोलतं, ही गोष्ट कुठल्याही विषयाच्या वर्गात चालवून घेऊ नये. दीनच्या वर्गात तर आदरापोटी आपण विचारायचंच विसरतो. पण त्याहून मोठा फायदा दुसरा आहे. मकतबात काय शिकवतात ते आईला कधी कळत नव्हतं, आता कळू शकतं. भाजी निवडता निवडता तिचाही ‘साद’ सुधारतो. आजोबांना “आमच्यात असं करतात” हे तिथल्या तिथे सांगता येतं. कुवेतमधला बाप कामावर असला, तर इथली आजी त्याच कॉलवर बसू शकते. तिच्या घड्याळात अडीच तास पुढची वेळ असते, एवढंच.

ऐकून कळायला मात्र भाषा कळावी लागते. मराठी आणि इंग्रजी माध्यमात शिकलेल्या अनेक घरांना उर्दू लिपी वाचता येत नाही आणि दीनियातची पुस्तकं प्रामुख्यानं उर्दूत आहेत, नाहीतर रोमन अक्षरांतल्या उर्दूत. मुलं दुआ पाठ करतात, पण अर्थ विचारला की गप्प होतात, कारण तो त्यांच्या बोलण्याच्या भाषेत कुणी सांगितलेलाच नसतो. मराठीत कुरआनचे अनुवाद आहेत, पण ते मोठ्यांसाठी. आठ वर्षांच्या मुलाला समजेल अशा मराठीत वुजू, नमाज, शेजाऱ्याचा हक्क, खोटं न बोलणं हे क्रमानं सांगणारे ऑनलाइन धडे हवेत. ज्या आलिम-आलिमांना मराठी उत्तम येते, त्यांनी हे काम हाती घ्यावं. गावोगावच्या जमातींनी त्याचा खर्च उचलावा आणि शिक्षकांना मानधन नीट द्यावं. तोवर पालकांनी निदान रोजच्या सबकनंतर मुलाला एवढं जरूर विचारावं : आज जे म्हटलंस, त्याचा अर्थ मला तुझ्या मराठीत सांगशील?