गॅसजोडाचे जुने पाने : ओळख व सावधगिरी

आपल्यापैकी पुष्कळांच्या पडवीत जुन्या पान्यांची पेटी असते, व तीत कधी एखादा चमत्कारिक पाना सापडतो : चपटा, एकाच अंगात चार-पाच लहानमोठी तोंडे असलेला. तो ना पंपाचा, ना नांगराचा. धाटावच्या कारखान्यांलगतच्या भंगारातून असाच एक पाना मी वजनाच्या भावाने घेतला. घासून पाहता तो गॅसजोडाच्या संचाचा निघाला.

ऑक्सिजन व ॲसिटिलीन यांच्या ज्योतीने लोखंड सांधण्याची विद्या विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये प्रचारात आली. या संचात सिलिंडरची झडप, दाबनियंत्रक, रबरी नळी व बत्ती यांचे नट निरनिराळ्या मापांचे असतात. सबब कारखानदार सर्वांस पुरेल असा एकच पाना संचासोबत देत. त्यातील चौकोनी भोक बहुधा झडपेचा दांडा फिरविण्यासाठी असते.

ओळख पटविताना प्रथम नाव वाचावे. ‘इंडियन ऑक्सिजन अँड ॲसिटिलीन’ ही कंपनी १९३५ साली स्थापन झाली. तिचे नाव असलेला पाना त्यापूर्वीचा असणे शक्य नाही. मग माप पाहावे. व्हिटवर्थ पद्धतीच्या पान्यावरील आकडा तोंडाच्या रुंदीचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. अर्धा इंच लिहिलेल्या पान्याचे तोंड सुमारे ०.९२ इंच भरते. हे ठाऊक नसल्यास चांगला पाना सदोष ठरवून टाकून दिला जातो. अक्षरे गंजाखाली असल्यास पाना रॉकेलात भिजवून तारेच्या ब्रशाने हलके घासावा. सहाणेवर धरू नये, कारण अक्षरे गेली की ओळखही गेली.

परंतु मुख्य गोष्ट पुढेच आहे. रॉकेल वा तेल लागलेला पाना ऑक्सिजनच्या झडपेस कदापि लावू नये. दाबाखालील ऑक्सिजनचा स्पर्श होताच तेल-ग्रीस आपोआप पेट घेऊन स्फोट होऊ शकतो. अवजारास तेल देण्याची आपली चांगली सवय येथे जिवावर बेतते. तसेच ॲसिटिलीनच्या नटांस उलटे आटे असतात व त्यांच्या कडांवर बहुधा खाच असते. सुलटे समजून जोर केल्यास नट सुटण्याऐवजी अधिकच आवळला जाऊन आटे बिघडतात.

यास्तव जुना पाना भंगारात घालण्यापूर्वी वाचावा, जपून ठेवावा. मात्र गॅसच्या कामास कारागिराचा स्वच्छ, कोरडा व मापाचा पानाच वापरू द्यावा.